मागची खोली रिकामी आहे

नवागामच्या ललितला सॉफ्टवेअरच्या दोन नोकऱ्या आल्या, एक म्युनिकला, एक लिस्बनला. म्युनिकचा पगार दुप्पट. पण तिथल्या घरमालकाने कळवलं, भारतीयांना घर देत नाही, फोडणीचा वास भिंतीत बसतो.

बाप सुकलाल ओट्यावरून थुंकला. "खाण्यावरून माणूस हाकलतात? असल्या गावमा जावानंच नही, भाऊ. लिस्बन धर."

ललित तिथेच बसून म्युनिकला नकार लिहू लागला. तेवढ्यात एक ओडिया लूम कामगार बायकोला घेऊन दारात आला. मागची खोली भाड्याने हवी होती.



ललितने मोबाईलवरून मान वर केली नाही. "मच्छी पकाते हो ना? आगे देखो. दीवार में बास बैठ जाती है."