उंदरांचा गहू

बाहेर पावासाठी पहाटेपासून रांगा लागायच्या, पण प्रयोगशाळेतल्या उंदरांना मात्र गहू ठरलेला होता. जनुकं बदलून तयार केलेला हा गहू जेमतेम पाण्यावर यायचा. उंदरांना तो मानवला की सगळीकडे पेरायचा आणि रांगा संपवायच्या, असं ठरलं होतं.

पण उंदीर वाळतच चालले.

"मावशी, वेळेवर खायला घालता ना?" मोठ्या मॅडमनी पिंजरे सांभाळणाऱ्या मावशींना विचारलं.

"म्हणजे काय! गोदामातून रोज तुमच्यादेखत तर घेऊन जाते."

"आणि खातात?"

"चाटूनपुसून. एक दाणा मागे ठेवत नाहीत मेले."

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. उभी हयात त्यांनी या एका वाणात घातली होती.

"खाऊनही वाळतात म्हणजे दाण्यातच कस नाही. अंगाला लागतच नाही हा गहू. एवढ्या लोकांच्या ताटात हे कसं वाढू मी?"

मावशींनी आपला जेवणाचा डबा पिशवीत खोल सारला.

दुपारी गोदामातला सगळा गहू, बियाण्यासकट, भट्टीत गेला. पोती मावशींनीच ओढून दिली.



संध्याकाळी घरी नातीच्या अंगात फ्रॉक चढवताना तो दंडात अडकला. जेवणाच्या डब्यातून रोज चोरून आणलेला उंदरांचा गहू पोरीच्या अंगाला चांगलाच लागला होता.