धाकटीची पेसर

"मागे बघितलंस तर बहीण म्हणून नाव टाकीन तुझं," धाकटी म्हणाली आणि तिने ताईच्या पाठीवर नंबराची शेवटची पिन लावली.

"नाही बघत गं बाई."

"शपथ?"

"शपथ. तू फक्त माझ्या आडोशाला राहा. वारा मी घेते अंगावर."

मॅरेथॉन सुटायला थोडाच वेळ होता. राष्ट्रीय संघात एकच जागा उरली होती आणि ती आज पहिल्या येणाऱ्या बाईला मिळणार होती. ताई धाकटीची पेसर. तिने तीस किलोमीटर ठरलेल्या वेगाने पुढे धावायचं आणि मग रस्ता सोडायचा. नियमाने पेसरही स्पर्धकच; शेवटपर्यंत धावली तरी कुणाची हरकत नसते. पण ताईच्या ते डोक्यातही नव्हतं.

तिच्या स्वतःच्या शर्यतींचं काय व्हायचं ते सगळ्यांना पाठ होतं. सुरुवातीला सुसाट सुटायची, मग कोण आलं, किती जवळ आलं म्हणून चौकाचौकात मागे वळायची, आणि शेवटी फुटपाथवर बसकण मारायची. दुसऱ्यासाठी धावताना मात्र घड्याळाने तिच्याकडे शिकवणी लावावी अशी लय. "देवाने हिला पाय दिले आणि काळीज द्यायला विसरला," असं दोघींचे प्रशिक्षक, मास्तर, वैतागून म्हणायचे. आता तर वयही हातचं निघून चाललं होतं. तिला त्याचं वाईट वाटायचं, फार वाटायचं. पण धाकटीचं तरी होऊ दे, म्हणून तिने कंबर कसली होती.

शर्यत सुटली. पहिलं वळण गेलं, बाजारपेठ गेली, पुलावरचा वारा गेला. ताईने वेग तसूभर हलू दिला नाही. मागून पावलं वाजत होती, धापा ऐकू येत होत्या. त्यातली धाकटीची कुठली, हे ओळखायच्या भानगडीत ती पडली नाही.

तीसच्या पाटीपाशी ती कडेला सरकू लागली, तोच तिथे उभे असलेले मास्तर ओरडले, "थांबू नकोस! ती लटपटतेय. तू बाजूला झालीस की तिचा खेळ खलास!"

"माझ्यात काही उरलं नाही हो, मास्तर."

"स्वतःसाठी नसेल उरलं. तिच्यासाठी काढ!"

ताई धावत राहिली. मांड्यांचे दगड झाले, अंगठ्याचं नख गेलं. थोड्या वेळाने गेल्या वर्षीची विजेती, जिला सगळे लंबू म्हणत, मागून येऊन खांद्याला खांदा लावून धावू लागली. एरवी ताई इथेच मोडली असती. आज तिला लंबूचा नुसता राग आला. ही पुढे गेली तर धाकटीची जागा गेली! तिने चढावर वेगाचा एक झटका दिला. लंबू चिकटून राहिली. चढ संपताच, दम खायच्या जागी, ताईने दुसरा दिला. लंबू हळूहळू मागे पडली.

शेवटच्या सरळ रस्त्यावर माणसांचा एवढा गलका होता की पावलं ऐकू येईनात. समोर फीत दिसली. आपलं काम झालं. ताई कडेला सरकली, वेग कमी केला, मधला रस्ता मोकळा सोडला.

"ये गं, ये आता," ती पुटपुटली.

कुणी आलं नाही. लोक मात्र बेंबीच्या देठापासून ओरडू लागले, "लंबू आली, लंबू आली!"

"ताई, थांबतेस काय? धाव ना!"

आवाज धाकटीचाच होता, पण समोरून आला. फितीच्या पलीकडे ती टॉवेलने केस पुसत उभी होती, अंघोळ करून आलेली, पायात घरातल्या सपाता.