जेवणानंतर दोन चमचे

डॉक्टरांनी बापाचा आणि मुलाचा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवला. बाप टेलर. महिन्यापूर्वी झटका येऊन मशीनवरच कोसळला, आणि आता आतल्या वॉर्डात उजवं अंग लुळं पडून निजला होता. मुलगाही टेलरच. हल्ली कात्री धरली की बोटांचे सांधे ठणकायचे आणि दुपारनंतर तो मान टाकायचा.

"दोघांच्याही अंगात लोह साठतंय," डॉक्टर म्हणाले. "हे जन्मतःच असतं. जास्तीचं लोह शरीराला बाहेर टाकता येत नाही. मग ते यकृतात, सांध्यांत, हृदयात जाऊन बसतं. झटक्याचा धोकाही वाढू शकतो."

"आमच्या माहेरी कुणाला असलं काही नाही," आई लगेच म्हणाली. "यांच्याकडचंच असणार."

"आई आणि बाप, दोघांकडून यावं लागतं, काकू."

आई जरा वरमली. पण गप्प बसेल तर ती आई कसली! "मग उपाय काय?"

"सुरुवातीला दर आठवड्याला थोडं रक्त काढायचं."

"रक्त काढायचं? अहो, याच्या अंगात आहे कुठे ते! चेहरा बघा की."

चेहरा खरंच पांढराफटक पडला होता. डॉक्टर आता काय विचारणार, हे मुलाला कळून चुकलं होतं.

"आई, तू बाबांजवळ जाऊन बस ना. एकटे आहेत."

"नर्स आहे तिथे."

"लोहाचं एखादं टॉनिक वगैरे चालू आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," मुलगा म्हणाला. धडधडीत खोटं.

"नाही काय? मी स्वतः देते!" आईनं पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. "याला पाच वर्षं झाली, यांना तर वीस. कायम आपले गळून गेलेले! मग जेवण झालं की दोन चमचे, समोर उभी राहून. नको म्हणायचे, पण मी ऐकते होय? इथेही देते, नर्सची नजर चुकवून."

डॉक्टरांनी बाटली उचलली, लेबल वाचलं. आईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. मुलगा मान वर करीना.

"यामुळेच झालं असं कुणीच सांगू शकणार नाही," डॉक्टर शेवटी म्हणाले. "पण हे आजपासून बंद."

बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. मुलगा रिपोर्ट गोळा करू लागला.

"मधे मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते," ती खालच्या आवाजात डॉक्टरांना म्हणाली. "चांगला दीड महिना. तेव्हा नव्हतं हो दिलं."