ओढणीच्या गाठी

कंपनीच्या तक्रार कक्षातल्या यंत्राखालून कल्याणी उठली, तेव्हा तिचं डोकं एकदम हलकं झालं होतं.

"मिटली तुमची तक्रार," तिथल्या मॅडम म्हणाल्या. "कुणीतरी छळत होतं तुम्हाला. ती आठवणच काढून टाकली आम्ही."

"आणि त्या माणसाचं काय केलंत?"

"त्यांची कुठे काही तक्रार होती?"

घाम पुसायला कल्याणीने ओढणी उचलली. काही विसरू नये म्हणून ती आईसारखीच टोकाला गाठ मारायची. आज तिथे सात गाठी होत्या. कशाच्या, ते काही केल्या आठवेना.

दारात सुपरवायझर शेवाळे उभे होते. "चल गं, काम पडलंय," म्हणत त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काढलाच नाही.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. का, ते तिला कळेना. पण तिने घट्ट आठवी गाठ मारली.