साहेबांशेजारची खुर्ची

गायरानावर सोलरचा प्रकल्प आला असता, तर गावपुढारी विजयसिंहांना दोन गोष्टी मिळणार होत्या: कुंपणाचा ठेका आणि जिल्हा परिषदेचं तिकीट. त्यासाठी त्यांनी खास सॉफ्टवेअर बनवून घेतलं. लॅपटॉप एकच, पण दोन मॉनिटरवर एकाच वेळी दोन वेगळी सादरीकरणं. गावाकडं तोंड केलेल्या मॉनिटरवर गायरानात मेंढरं चरत होती, सोलरच्या प्लेटा नुसत्या कडंकडंनं. स्टेजवर सोलर कंपनीच्या साहेबांपुढं ठेवलेल्या मॉनिटरवर मात्र तेच गायरान प्लेटांनी गच्च भरलेलं, मेंढरू एक नाही.

चकलांब्याजवळच्या वाडीतली ती सभा चांगली रंगली. टाळ्या आणखी वाढाव्यात म्हणून विजयसिंहांनी पहिल्या रांगेतल्या धुळाजी मेंढपाळाला वर बोलावलं, शाल-नारळ दिला आणि मोठ्या मानानं साहेबांशेजारच्या खुर्चीत बसवलं.

धुळाजीनं समोरच्या मॉनिटरकडं पाहिलं. आपला लिंब ओळखला, पाणवठा ओळखला. आजवर विजयसिंहांना 'मालक' म्हणणारा तो म्हातारा ताडकन उठला आणि त्यानं माईक हिसकावला.

"काय बे विजयसिंह, खाली बसलतो तवा माझी मेंढरं दिसत हुती. हितं वर येईस्तोवर कुणी खाल्ली?"

अख्खं गाव स्टेजवर चढलं. ठेका गेला, तिकीटही गेलं.

सॉफ्टवेअरचे पैसे सादरीकरणाच्या नावाखाली कंपनीनंच भरले होते, मंडपाचे गावानं. विजयसिंहांच्या खिशातून आली होती ती फक्त धुळाजीची शाल.