पहिलीचा आवाज

“नाव सांग,” यहुद्यांचे धर्मगुरू रब्बी बेसालेल म्हणाले.

“रेना,” जमिलाच्या तोंडातून उत्तर आलं. तिचे ओठ हलले नव्हते. आवाजही तिचा नव्हता. जाडसर, जरा बसका, शब्दाच्या शेवटी हेल काढणारा.

प्रार्थनेसाठी जमलेल्या दहाही पुरुषांनी शेमायाकडे पाहिलं. रेना ही त्याची पहिली बायको, जमिला दुसरी. तापानं गेली, तेव्हा याच माणसांनी तिला साफेद गावाच्या टेकडीखाली मूठमाती दिली होती. शेमाया दारापाशी उभा होता. लोकर रंगवता रंगवता कोपरापर्यंत निळे झालेले हात धुवायचंही त्याला सुचलं नव्हतं.

अंथरुणावर पडलेल्या जमिलाला सगळं ऐकू येत होतं. आपल्याच घरी पाहुणे आलेत आणि आपल्याला मात्र आतल्या खोलीत कोंडून ठेवलंय, असं तिला वाटत होतं.

“हिच्या अंगात का शिरलीस?” रब्बींनी विचारलं.

“माझे डूल घातले हिनं. पेटी उघडून. मला विचारलं होतं?”

“मेलेल्या बाईला कोण विचारतं?” जमिलाची आई सुलताना उशाशी बसली होती, ती फणकारली. “सवत मेली तरी सवतच.”

“तू गप्प बस, म्हातारे. माझं अंथरूण निवायच्या आत लेक आणून उभी केलीस दारात.”

जमलेल्यांपैकी कुणीतरी हसू खोकल्यात दडवलं.

शेमाया पुढे आला. गुडघे टेकून बसला. “चुकलं माझं, रेना,” तो म्हणाला. “पेटीला कुलूप घालायला हवं होतं.”

जमिलाला वाटलं, आपल्याला कुणीतरी थोबाडीत मारली.

“वाळलास,” आवाज एकदम मऊ झाला. “जेवतोस ना?”

“जेवतो.”

“कसला जेवतोस. ही वांगी जाळते, मला वरपर्यंत वास येतो.”

शेमाया हसला. चांगला खळखळून हसला आणि लगेच त्यानं तोंडावर हात धरला. लग्नाला वर्ष होत आलं होतं. या माणसाला हसताच येत नाही, अशी जमिलानं स्वतःची समजूत घातली होती. तिला ओरडून सांगायचं होतं की वांगी एकदाच जळली, तीही तू उशिरा आलास म्हणून. पण तोंड तिच्या ताब्यात नव्हतं.

रब्बींनी गंधकाची धुरी धरली. शिंग फुंकायला सांगितलं. त्या आवाजासरशी जमिलाचं अंग वर उचललं गेलं आणि धपकन खाली आपटलं. श्वास तुटक यायला लागला. नखं काळी पडली. शिंग पुन्हा वाजलं, पण रेना हलली नाही.

रब्बींनी कपाळावरचा घाम पुसला. “एका देहाला दोन जीव पेलत नाहीत,” ते म्हणाले. “ही माझं ऐकणार नाही. शेमाया, तू सांग तिला.”

शेमाया खाली मान घालून बसून राहिला. बाहेरून गाढव गेलं, त्याच्या खुरांचा आवाज उतारावरून पार खालपर्यंत ऐकू आला. जमिला वाट पाहत होती. मरण्याची भीती तिला कमीच वाटत होती. हा इतका वेळ का लावतोय, एवढाच विचार मनात होता.

“जावईबापू,” सुलताना म्हणाली, “माझी पोर चाललीय.”

“जा, रेना,” शेमाया म्हणाला.

“हिच्यासाठी?”

त्यानं जमिलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “हिचा काही दोष नाही,” तो म्हणाला.

आणखी एखादा शब्द येईल म्हणून जमिला थांबली. आला नाही.

मग तिच्या डाव्या पायाच्या करंगळीतून रक्ताचा एक थेंब आला; रेना तिथूनच बाहेर पडली. खिडकीची झडप धाडकन आपटली. पुरुष एकसुरात ‘आमेन’ म्हणाले, आणि जमिलानं डोळे उघडले.

माणसं पांगली. सुलताना डोळे पुसत सूप करायला स्वतःच्या घरी गेली. शेमायानं पाणी आणलं, जमिलाच्या मानेखाली हात घातला आणि घोटघोट पाजलं. भांडं रिकामं झालं तरी हात काढला नाही.

“जमिला,” तो हळूच म्हणाला, “आत असताना ती तुझ्याशी काही बोलली का? माझ्याबद्दल?”

रेना तिच्याशी अवाक्षर बोलली नव्हती. तिथं दुसरं कुणी नाहीच, अशी वागली होती.

जमिलानं त्याच्याकडे पाहिलं. तो इतका वाकला होता की त्याचा श्वास तिच्या गालाला लागत होता. त्याच्या भुवईत एक जुना व्रण होता. तो तिनं आज पहिल्यांदा पाहिला.

“बोलली,” ती म्हणाली. “पुष्कळ बोलली. पण सगळं एकदम नाही आठवत.”

शेमायानं उठून दार लोटलं आणि येऊन जमिलाला टेकून बसला. “घाई नाही,” तो म्हणाला. “आठवेल तसं सांग.”

जमिलानं डोळे मिटले आणि ती आठवायला लागली.