ट्रॉलीची पिन

कारध्याच्या आनंदराव आणि भैय्यालाल या भावांच्या वाटणीत ट्रॅक्टर थोरल्याकडे गेला आणि ट्रॉली धाकट्याकडे. भांडण इतकं विकोपाला गेलं की ट्रॉली नऊ वर्षं भैय्यालालच्या अंगणात गंजत राहिली, पण कोणी कोणाच्या दारात गेलं नाही.

१९८६ च्या माघात एका सकाळी निरोप आला, भैय्यालाल भंडाऱ्याच्या दवाखान्यात वारला. आनंदराव ट्रॅक्टर घेऊन थेट भावाच्या अंगणात शिरला.

शेजारी म्हणाले, "आनंदरावभाऊ, किरायाची जीप पाहू ना."

"नाई. माह्या भावाले मी आपल्याच ट्रालीत घरी आणीन."

टायरांत हवा भरून झाली. मागच्या फाळक्याच्या कड्या गंजून गच्च बसल्या होत्या. त्यांच्यावर रॉकेल ओतून, हातोड्याने ठोकून त्या मोकळ्या करेपर्यंत तास गेला आणि त्याचे हात सोलवटले. मग तो पुढे आला. ट्रॅक्टरला जोडायची हुकातली पिन तर पुरती जाम झाली असणार, म्हणून त्याने एका हाताने ती धरली आणि दुसऱ्या हाताने हातोडा उगारला.

पिन अलगद वर आली. तेलाने चकचकत होती.

दारात उभी असलेली भैय्यालालची बायको धुरपता आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या दिराशी बोलली.



"दर अमावशेले तेल घालत होते जी ते. म्हणत, दादा कधी टॅक्टर घेऊन आला, तं त्याले वापस जा लागू नये."